दाराबाहेर ठेवलेली खुर्ची

मित्रांनो, मी खुर्ची आहे खरी, पण मला एका जागी बसवत नाही.

मला चार चाकं आहेत. दोन मोठी, दोन छोटी. छोट्यांपैकी डावं चाक जरा वाकडं आहे, त्यामुळे सरळ जायचं ठरवलं तरी मी डावीकडे ओढली जाते. माझ्या सांगण्याचंही तसंच होतं. सरळ सुरुवात करते आणि मध्येच कुठेतरी वळते. सांभाळून घ्या. आणि मागून कुणी ढकललं, तर वाक्य अर्ध्यावर टाकून मला निघावं लागतं. चाकांच्या खुर्चीचं बोलणं पुरं होईपर्यंत कोण थांबतंय?

तर, माझा जन्म.

एका लांबलचक शेडमध्ये लोखंडी नळ्या वाकवून, जोडून मला उभं केलं. त्यावर काळं रेक्झिन ताणून शिवलं. शेजारच्या शेडमध्ये साध्या खुर्च्या तयार होत होत्या. ऑफिसच्या, लग्नाच्या हॉलच्या. त्या खुर्च्यांसाठी माणसं भांडतात, असं ऐकलं. माझ्यावर बसायची वेळ आली की माणसं रडतात. हा फरक मला फार उशिरा कळला, कारण सुरुवातीला तर माझा—

थांबा. कुणीतरी ब्रेक काढला. दाराआड घेतलं मला. हं.

सुरुवातीला तर माझा सत्कार झाला. नाशिकच्या एका मंडळाला मला दान दिलं गेलं. हार घातला. पेपरात फोटो आला. म्हणजे माझ्यामागे उभ्या असलेल्या मंडळींचा आला. माझं एक चाक दिसत होतं. आणि माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरं काढली, ‘कै. वाल्मीकशेठ यांच्या स्मरणार्थ’.

मंडळाचं रुग्णसाहित्य केंद्र पंचवटीत एका खोलीत होतं. वॉकर, कुबड्या, वर-खाली होणारी कॉट, सगळं तिथून लोक गरजेपुरतं न्यायचे आणि परत आणून द्यायचे. मी खूप घरं पाहिली. एका निवृत्त हेडक्लार्कांनी मला गच्चीवर नेऊन नातवंडांना माझ्यावरून फेऱ्या मारवल्या. पाय मोडलेल्या एका मुलीने कॉलनीत माझ्यावरून सायकलवाल्यांशी शर्यत लावली आणि जिंकली. त्या दिवसांत लोक म्हणायचे, ‘काय मजबूत खुर्ची आहे!’

मग हलक्या, नव्या खुर्च्या आल्या. मला घडी घालून कॉटमागे सारलं. मित्रांनो, खुर्चीला घडी घातली की ती खुर्ची राहत नाही, नुसतं लोखंड राहतं. कबुतरांनी माझ्या हातांवर संसार मांडला. सांधे गंजले. पावसाळे गेले. एका जागी. एका जागी. एका जागी. मला दुसरं काही आठवत नाही त्या काळातलं, म्हणून तेवढंच सांगते.

मग सोमनाथ आला.

कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच आला होता. अंबडला एका कारखान्यात तो कंत्राटावर कामाला होता. केंद्रातल्या काकांनी मला ओढून बाहेर काढलं, फटका मारून धूळ उडवली.

‘‘नव्या सगळ्या बाहेर गेल्यात बाळा. हीच आहे. फक्त डावीकडं ओढते जरा.’’

‘‘चालंल काका,’’ सोमनाथ म्हणाला. ‘‘आईची पण डावीच बाजू गेलीय. जमंल दोघींचं.’’

आणि हसला. आणि लगेच तोंड फिरवून माझ्या चाकाची हवा तपासायला लागला.

*

आता नवसाबाई.

नवसाबाई ही सोमनाथची आई. द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायकांची ती मुकादम. पहाटे नाक्यावर बायका गोळा करायच्या, पिकअपमध्ये बसवायच्या, दिंडोरीकडच्या बागांत न्यायच्या, घडांतले बारके मणी कात्रीने काढून घड मोकळे करायचे, संध्याकाळी सगळ्यांना परत आणायचं. नवरा लवकर गेला. त्या कात्रीवर तिने सोमनाथला आणि त्याची धाकटी बहीण हर्षालीला वाढवलं. हर्षाली आता मोबाइलच्या दुकानात काम करत होती.

एक दिवस बागेत मांडवाखाली नवसाबाईच्या डाव्या हातातून घड निसटला. परत धरला, परत निसटला. पाय जड झाला. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटलं. बरोबरच्या बाया म्हणाल्या, अगं बस खाली. ती बसली नाही. ओळ संपायची होती. ओळ संपवली आणि मग पडली.

‘‘वारं गेलं अंगावरून,’’ बाया म्हणाल्या. दवाखान्यात त्याला स्ट्रोक म्हणाले. आणखी थोडं आधी आणलं असतं तर, असंही म्हणाले.

हे सगळं मला तिच्या घरी गेल्यावर कळलं. मी गेले तेव्हा ती कॉटवर उशीला टेकून बसली होती. डावा हात मांडीवर ठेवलेला, जसा दुसऱ्याचा असावा. सोमनाथने मला उलगडलं, तिच्याकडे पाठ करून उभं केलं. तिने माझी पाठ वाचली.

‘‘सोमा, हे काय आणलं? मागं कैलासवासी, पुढं मी. मंग मी कोण रे?’’

हर्षाली खो-खो हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं, असं तिच्या हसण्यावरून वाटलं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर गाद्यांचं दुकान असलेले जमीलभाई निळ्या रंगाचा डबा घेऊन आले आणि वाल्मीकशेठ झाकले गेले.

*

वर राहत होतो आम्ही. तिसऱ्या मजल्यावर.

नाल्याकाठच्या झोपड्या हलवल्या, तेव्हा घरकुल योजनेत ही खोली मिळाली होती. मिळाली तेव्हा नवसाबाई एका दमात जिना चढायची, डोक्यावर सिलिंडर असला तरी. इमारतीत लिफ्टसाठी चौकोनी जागा सोडलेली आहे. लिफ्ट तेवढी आलेली नाही. त्या जागेत मोडक्या सायकली आणि फुटक्या कुंड्या राहतात.

नवसाबाई उजव्या हाताने माझं उजवं चाक ढकलायची. एकच चाक ढकललं की मी जागच्या जागी डावीकडे गोल फिरते. खोलीत ती दिवसभर तशी फिरायची. भिंत, खिडकी, देव्हारा, दार. भिंत, खिडकी, देव्हारा, दार. दाराशी आलं की ती ब्रेक लावायची आणि गॅलरीच्या गजांतून खाली बघायची. खाली नळावर भांडणं चाललेली. तिथे तिच्याच टोळीतल्या बाया राहत होत्या. ती वरून ओरडायची, ‘‘ए मीने, हंडा काढ की तुझा! राणी लागून गेलीस?’’ खालून आवाज यायचा, ‘‘तू ये खाली अन् काढ!’’

खाली यायचं म्हणजे काय, ते सांगते.

तिला माझ्यावर बसवायचं, पट्ट्याने बांधायचं. मागून सोमनाथ, पुढून जमीलभाई. दोघांनी मला उचलायचं आणि पायरी पायरी करत उतरायचं.

‘‘चलो, बेगम साहेबांची सवारी निघाली!’’ जमीलभाई म्हणायचे.

‘‘पाडलंस ना जमील, तर तुझ्याच गादीत घालून शिवीन तुला.’’

‘‘शिवा भाभी. कापूस तरी वाचेल माझा.’’

असं चेष्टेत चाललं होतं. आठवड्यातून ठरावीक दिवशी व्यायामासाठी दवाखान्यात नेत होते. हात थोडा हलू लागला होता. कुणाचा आधार असला की ती चार पावलं टाकू लागली होती. मग एकदा जिन्यात कुणाची तरी बादली सांडलेली होती. सोमनाथचा पाय सटकला. मी पुढे कलंडले. पट्टा ताणला गेला, नवसाबाई माझ्यातून अर्धी बाहेर, आणि खाली जमीलभाई. त्यांनी छाती लावून मला अडवलं. कुणी पडलं नाही. कुणी ओरडलंही नाही. वळणावर तिघं बराच वेळ तसेच, एकमेकांचा श्वास ऐकत. जमीलभाईंच्या बरगडीवर माझ्या पायपट्टीचा वळ उठला.

वर आल्यावर नवसाबाई म्हणाली, ‘‘आता मी खाली जाणार नाय.’’

आणि गेली नाही. व्यायाम थांबला. हात परत जड झाला. भिंत, खिडकी, देव्हारा, दार.

*

अशात तळमजल्यावरची एक खोली रिकामी झाली. जमीलभाईंच्या दुकानाला लागून. तिथलं कुटुंब मालेगावला परत गेलं.

हर्षाली योजनेच्या ऑफिसात जाऊन आली आणि चपला न काढताच बोलायला लागली. ‘‘दादा, बदलून मिळते! वरची देऊन खालची. पण दिव्यांगाचं सर्टिफिकेट पाहिजे, चाळीस टक्क्यांच्या वरचं. ते असलं तर आपला नंबर पहिला. नसलं तर सगळ्यांबरोबर सोडत. आणि सर्टिफिकेट असलं की पेन्शनला पण अर्ज करता येतो.’’

‘‘चाळीस?’’ सोमनाथ म्हणाला. ‘‘अर्धं अंग गेलंय तिचं. सरळ पन्नास झाले.’’

मलाही तसंच वाटलं. मी खुर्ची. मला हिशोब कळत नाही.

सरकारी दवाखान्यात तपासणीचा दिवस ठरला. मित्रांनो, त्या दिवशी मला किती आनंद झाला होता! इतक्या दिवसांनी बाहेर. जमीलभाईंनी आणखी दोन जणांना बोलावलं, चौघांनी मिळून मला अलगद खाली उतरवलं. रिक्षा, रस्ता, वारा, खड्डे. खड्डेसुद्धा आवडले मला.

नवसाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसायचं ठरवलं होतं. हर्षालीने ते नेसवलं, वेणी घातली, पावडर लावली. टिकली मात्र नवसाबाईने स्वतः लावली, उजव्या हाताने, आरशात बघून.

दवाखान्याच्या बोळात रांग होती. कुणी कुबडीवर, कुणी नातेवाइकाच्या पाठीवर. टोकाला एक दार, दाराबाहेर चपलांचा ढीग. दार मध्ये मध्ये उघडायचं आणि एक माणूस हातात पेन घेऊन बाहेर यायचा, रांगेवरून नजर फिरवायचा, एकेकाला आत घ्यायचा.

नवसाबाई त्या माणसाकडे बघत होती. तिचं बसणं बदललं. मला कळतं ते. पाठ माझ्यापासून सुटली. मान वर झाली.

‘‘हर्षे, उतरव मला.’’

‘‘आई, आत खुर्ची जाते. बघ, त्या आजोबांची गेली.’’

‘‘चपला बाहेर ठेवत्यात ना? मग हिला पण ठेव चपलांशेजारी. उठव म्हणते ना.’’

हर्षालीने उठवलं आणि हाताला धरून आत नेलं. मी चपलांशेजारी राहिले. दार बंद झालं.

आता मला दिसत नव्हतं. जे ऐकू आलं, ते तेवढंच सांगते.

‘‘या मावशी. कसं वाटतंय?’’

‘‘बरं हाय. काय नाय मला.’’

‘‘डावा हात वर करा.’’

काही नाही. काही नाही. मग बांगड्यांचा आवाज.

‘‘हा बघा.’’

‘‘चालून दाखवा बरं.’’

पाय. घासलेला पाय. पाय. घासलेला पाय.

‘‘छान! घरातली कामं करता का?’’

‘‘समदी करते. भाकरी बी थापते.’’

‘‘अहो सर, ती—’’

‘‘तू गप गं. साहेब माझ्याशी बोलत्यात.’’

दार उघडलं. ती बाहेर आली आणि माझ्यावर कोसळली. घामाने भिजली होती. उजव्या हाताने माझा हात असा आवळला, की रेक्झिनमध्ये नख रुतलं. पण तोंडावर हसू होतं.

‘‘झालं. पसंत पडले मी त्यांना.’’

*

सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा घरात तिघंही होती. हर्षालीने बघितलं आणि खाली ठेवलं.

‘‘पास झाले का?’’ नवसाबाईने विचारलं.

‘‘छत्तीस टक्के, आई. इथं पास होऊन उपयोग नव्हता. इथं नापास व्हायचं होतं.’’

डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. पदराखालून उजव्या हाताने डाव्याला वर ढकललेलं फक्त हर्षालीला दिसलं होतं, त्यांना नाही.

सोमनाथ भडकला. ‘‘कोणी सांगितलं होतं उभं राहायला? हां? कोणी सांगितलं होतं? माझी पाठ मोडली जिना चढून-उतरून. हर्षीनं सुट्ट्या टाकल्या. अन् तू भाकऱ्या थापते? शेवटची भाकरी कधी थापली ते सांग ना मला!’’

 नवसाबाईने माझं चाक ढकललं. भिंत. खिडकी. देव्हारा. आणि दार यायच्या आत थांबली.

‘‘नाक्यावर मालकाची गाडी येती ना सोमा, तवा मालक खाली उतरत नाय. गाडीतूनच बघतो. उभी कोण, बसली कोण. बसलेली बाई तो न्यायचा नाय. मी मुकादम नव्हते तवा, मला एकदा ताप होता. दुकानाच्या पायरीला टेकले जराशी. गाडी आली अन् गेली. तवापासून माणसं निवडणाऱ्यापुढं मी कधी टेकले नाय.’’

सोमनाथ तिच्यासमोर फरशीवर बसला.

‘‘त्या बाबाच्या हातात पेन होता,’’ ती म्हणाली. ‘‘अन् आम्ही समदी ओळीत. मला दुसरं काय सुचलंच नाय.’’

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. तिच्या मते माझ्यावर बसणं म्हणजे गाडी चुकणं होतं.

*

पुढचे दिवस मला धड सांगता येत नाहीत. सगळे तुकडे आहेत.

सोडतीची तारीख लागली.

लोक खालची खोली बघायला येऊ लागले. जमीलभाई दुकानाच्या पायरीवर कापूस पिंजत बसायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, ‘‘बघा, बघा. फक्त मोरीचं पाणी वर येतं हां. आणि उंदीर इतके मोठे, मांजर सलाम करतं.’’

हर्षाली त्यांच्यावर ओरडली. ‘‘चाचा, खोटं नका ना बोलू!’’

‘‘तुझ्या अम्मीने बोललं ते चालतं, मी बोललं ते नाही चालत? वा रे इन्साफ.’’

नवसाबाईने वरून हे ऐकलं.

ती जेवेना. ती मला फिरवी. रात्र, सकाळ. माझ्या वाकड्या चाकाने फरशीवर काळा गोल उमटला. हर्षाली पुसायची, तो परत उमटायचा.

मग फोन आला. दवाखान्यात रुग्णांना योजनांची माहिती देणाऱ्या मॅडम होत्या. हर्षाली त्यांच्याकडे जाऊन रडून आली होती. तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवून माझ्या हातावर ठेवला.

‘‘नवसाबाई, फेरतपासणी मागता येते. हर्षालीनं अर्ज दिलाय. पण या वेळी काय करणार?’’

सोमनाथ मध्ये पडला. ‘‘मॅडम, मी सांगितलंय तिला. काहीच हलवायचं नाही. मुडद्यासारखं पडून राहायचं.’’

‘‘मी सोंग करणार नाय,’’ नवसाबाई म्हणाली. ‘‘खोली नको मला. जन्मात कुणापुढं सोंग केलं नाय.’’



‘‘सोंग तर तुम्ही मागच्या वेळी केलंत, नवसाबाई.’’

नवसाबाईने फोनकडे असं बघितलं, जसं फोनने थोबाडीत दिली.

‘‘तुमचा सगळ्यात चांगला क्षण तुम्ही दाखवलात,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘बाकीचा दिवस कुणी सांगायचा? सकाळी उठण्यापासूनचा?’’

‘‘तसलं सांगायचं असतं व्हय चारचौघांत?’’

‘‘तिथं तेच विचारतात. वाढवून नको. कमी करूनही नको.’’

फोन बंद झाला. त्या दिवशी नवसाबाईने मला फिरवलं नाही. ती खिडकीशी बसली आणि उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून उलगडत राहिली.

*

दुसरी तपासणी सोडतीच्या आधी झाली. तोच बोळ, तेच दार, रांग वेगळ्या माणसांची. सोमनाथही रजा काढून आला होता.

नाव पुकारलं. हर्षालीने मला ढकललं. दारापाशी पोहोचलो आणि—

‘‘थांब.’’

तिने उजवा पाय माझ्या पायपट्टीवरून खाली टेकवला. माझ्या बैठकीवरचा भार हलका झाला. मित्रांनो, मी फार माणसं वाहिली आहेत. भार कमी होतो तेव्हा मला बरं वाटायचं. त्या वेळी बरं वाटलं नाही. मला कळत होतं, ती उठली तर संपलं. तळमजला संपला, व्यायाम संपला. आणि मी काय करणार? मला तोंड नाही. मला ब्रेक आहे, तोही दुसऱ्याने लावायचा.

मागे कुणीतरी म्हणालं, ‘‘अहो, आत जा ना लवकर.’’

हर्षालीने मला पुढे ढकललं नाही, मागेही ओढलं नाही. 

मग भार परत आला. सगळा. हाडांचा, लुगड्याचा, सगळा.

‘‘ढकल,’’ नवसाबाई म्हणाली.

आम्ही आत गेलो.

आतली खोली लहान होती. तिघं डॉक्टर, एक टेबल, एक पंखा. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. तिने उजवा हात माझ्या हातावर ठेवला, सर्वांना दिसेल असा, आणि डावा हात उचलला. तो मांडीवरून वीतभर वर आला, थरथरला, खाली पडला.

‘‘एवढाच होतो,’’ ती म्हणाली.

‘‘बरं. चालता येतं?’’

‘‘येतं.’’

सोमनाथने डोळे मिटले.

हर्षालीच्या हाताला धरून ती उठली. पाय, घासलेला पाय, पाय, घासलेला पाय. चार पावलं नीट झाली. डॉक्टरांनी मान हलवली, पेन उचलला.

‘‘लिहू नका अजून,’’ नवसाबाई म्हणाली. ‘‘मला अजून चालू द्या.’’

‘‘पुरे मावशी, दिसलं आम्हाला.’’

‘‘नाय दिसलं. मागल्या टायमाला बी एवढंच दिसलं हुतं. हर्षे, हात सोड.’’

‘‘आई—’’

‘‘सोड.’’

हर्षालीने सोडलं. नवसाबाईने पुढचं पाऊल टाकलं आणि गुडघा दुमडला. एका डॉक्टरांनी झटकन पुढे होऊन तिला काखेत धरलं, नाहीतर टेबलाचा कोपरा डोक्यात बसला असता. सोमनाथ धावला. तिला परत माझ्यावर बसवलं. ती धापा टाकत होती.

‘‘आता लिहा,’’ ती म्हणाली. ‘‘लुगडं पोरगी नेसवती. केस पोरगी बांधती. एका हातानं घास खाते, पण भाकर मोडायला दुसऱ्याला सांगावं लागतं. भाकरी थापते म्हणाले, ते खोटं. मोरीत...’’

थांबली. सोमनाथ शेजारीच उभा होता. तो एकदम म्हणाला, ‘‘मी जातो बाहेर.’’

‘‘नको जाऊ. तुला ठाऊकच हाय.’’ मग डॉक्टरांकडे वळून, ‘‘मोरीत हा पोरगा नेतो मला. लग्नाचा पोरगा हाय. पोरगी कामाला गेलेली असती, तवा दुसरं कोण नेणार? अन् घर तिसऱ्या माळ्यावर. उचलून आणलं मला. चौघांनी.’’

रडली नाही ती. संध्याकाळी मुकादम बागवाल्याला सांगतात ना, एवढ्या ओळी झाल्या, एवढ्या राहिल्या, त्या आवाजात तिने सगळं सांगितलं. काय झालं, काय राहिलं.

डॉक्टर लिहीत होते. पंखा फिरत होता. माझ्या हातावर तिचा उजवा हात होता, आणि तो ओला होता.

*

या वेळचा आकडा चाळीसच्या बराच वर आला. सोडतीच्या आत हर्षालीने कागद ऑफिसात नेऊन दिले. पेन्शनचा अर्ज अजून फिरतोय, या टेबलावरून त्या टेबलावर. पण खोलीची किल्ली मिळाली.

सामान खाली उतरवायला सकाळपासून गर्दी होती. कॉट, पिंप, देव्हारा, गॅस. नळावरच्या बाया वर येऊन एकेक वस्तू घेऊन गेल्या. मीना नावाची ती बाई, हंडेवाली, देव्हारा छातीशी धरून उतरली. सगळ्यात शेवटी मी. सोमनाथ मागून, जमीलभाई पुढून. या वेळी कुणी चेष्टा केली नाही. 

मग शेवटची पायरी. मला जमिनीवर ठेवलं. पट्टा सोडला.

खालच्या खोलीच्या दाराशी जमीलभाईंनी सिमेंटचा बुटका उतार करून घेतला होता. तो अजून नीट वाळला नव्हता, म्हणून वर फळी टाकली होती. सोमनाथ सवयीने खाली वाकला आणि मला उचलायला दोन्ही हात घातले.

‘‘हात काढ,’’ नवसाबाई म्हणाली.

‘‘अगं, चढ आहे थोडा—’’

‘‘काढ म्हणते ना. किती दिवस उचलशील मला?’’

त्याने हात काढले. ते कुठे ठेवावे ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते पाठीमागे धरले.

तिने उजव्या हाताने चाक ढकललं, उजव्या पायाने जमीन रेटली. मी फळीवर चढले, घसरले, परत चढले. चौकटीला धडकले. तिने मला मागे घेतलं, तोंड फिरवलं, परत रेटा दिला. सगळी इमारत बघत होती. कुणी पुढे झालं नाही. आणि आम्ही आत गेलो, तिच्या स्वतःच्या जोरावर.

आता रोज सकाळी आम्ही बाहेर असतो. व्यायामाला हर्षाली एकटी रिक्षातून नेते. डावा हात आता मांडीवरून वीतभराहून थोडा जास्त वर येतो. एक दिवस हात आणि पाय आणखी सुधारले, तर मला केंद्रात परत जावं लागेल, दुसऱ्या कुणाकडे. जाईन मी. मला कुठे एका जागी राहायचंय?

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्या चाकांत अधूनमधून तेल घाला. तिला जिन्याखाली टाकून देऊ नका. आणि तिच्यावर जे बसतं त्याला तुम्ही जाता-येता विचारालच, ‘आज कसं वाटतंय?’ उत्तर येईल, ‘बरं आहे.’ ते ऐकून लगेच निघून जाऊ नका. थोडं थांबा. दुसरं उत्तर यायला वेळ लागतो.